वाऱ्याशी कोण भांडतो?

भांडखोर मनुष्याचे वर्णन करावयाचे झाले म्हणजे ‘तो वाऱ्याशीसुद्धा भांडेल’ असे आपण म्हणतो. आणि जो प्रत्येक प्रसंगी आपली सोय तेवढी पाहतो, तो ‘वारा वाहील तशी पाठ देतो’. पहिल्या जातीची माणसे सर्वांस त्रासदायक होतात आणि दुसऱ्या जातीच्या माणसांवर कोणी विसंबत नाही. वाऱ्याशी वागण्याची या दोहोंहून निराळी अशी तिसरी एक रीत आहे. ती मी गेल्या जुलै महिन्यात इंग्लंडातील बिस्ली येथे, दूर पल्ल्याच्या नेमबाजीच्या मैदानावर, एक संबंध दिवस उभा राहून पाहिली.

माझा प्रवास मात्र नेमबाजीसाठी नव्हता. माझ्या थोरल्या बंधूंची, म्हणजे आमच्या दादांची, एकुलती एक मुलगी दोन वर्षांपूर्वी पुण्यातील एका महाविद्यालयातील कायमची नोकरी सोडून लंडनला गेली. जाताना तिने वडिलांचा सल्ला विचारला नाही; निर्णय तेवढा कळविला. त्या दिवसापासून दादांनी तिच्याशी बोलणे टाकले. तिचा फोन आला की वहिनी तो घेऊन स्वयंपाकघरात जात आणि दादा हातातले वर्तमानपत्र चार बोटे वर धरीत. पुढे ती तिकडे रायफल चालवावयास शिकली, ही वार्ता आली, तेव्हा तर ‘प्राध्यापकी टाकून शिपाईगिरी पत्करली’ असे उद्गार त्यांनी काढले. अखेर, ‘तू चाळीस वर्षे वकिली केलीस, आता घरची एवढी एक बाजू मांड आणि तिला परत घेऊन ये,’ असे मला सांगण्यात आले. वहिनींनी मेतकूट आणि डांगराचे पीठ बांधून दिले आणि त्या काहीच बोलल्या नाहीत.

मी जाऊन पोहोचलो तो आठवडा सामन्यांचा होता. पुतणीने माझा हेतू ओळखला होताच. ती म्हणाली, ‘काका, तुमचे वकीलपत्र मी ऐकणार आहे. पण आधी एक दिवस माझ्याबरोबर मैदानावर चला.’

लंडनच्या वॉटर्लू स्थानकावरून आगगाडीने ब्रुकवुड येथे उतरावे आणि तेथून थोडे पुढे गेले की बिस्लीचे मैदान लागते. इंग्लंडातील राष्ट्रीय रायफल संघ १८५९ साली स्थापन झाला. त्याचे पहिले सामने १८६० च्या जुलैत विंबल्डन येथे भरले, आणि त्यांचा आरंभ खुद्द व्हिक्टोरिया राणीच्या गोळीने झाला. रायफल आधीच एका घोडीवर पक्की बसविलेली होती. राणीने रेशमी दोरी ओढली, आणि ४०० वारांवरच्या लक्ष्याच्या जवळजवळ मध्यभागी गोळी बसली. पुढे विंबल्डनची वस्ती वाढली आणि १८९० पासून सामने बिस्लीस आले. यांतील सर्वांत मानाचे पारितोषिक राज्यकर्त्याच्या नावाचे असते. राणी एलिझाबेथ हयात होत्या तोवर ते राणीचे होते. आता ते राजाचे आहे. त्याची शेवटची फेरी ९०० आणि १००० वारांवरून होते आणि विजयी नेमबाजास खुर्चीत बसवून, खांद्यावर घेऊन मिरवितात. १९३० साली हा मान प्रथमच एका स्त्रीस, मार्जरी फॉस्टर या बाईंस, मिळाला, आणि तोही अवघ्या एका गुणाने. येथे पुरुष व स्त्रिया एकाच रांगेत, एकाच नियमाने नेम धरतात.

सामन्यांचा कार्यक्रम चाळताना एका नावापाशी मी थबकलो. ते नाव होते ‘कोलापोर’. हे आपले कोल्हापूरच. कोल्हापूरच्या महाराजांच्या नावाचा करंडक १८७१ पासून या सामन्यांत खेळला जात आहे. आठ-आठ नेमबाजांचे संघ ३००, ५०० व ६०० वारांवरून त्यासाठी झुंजतात. कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज १८७० साली विलायत पाहावयास गेले होते. परतीच्या वाटेवर त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात इटलीतील फ्लॉरेन्स येथे त्यांचा अंत झाला आणि आर्नो नदीच्या काठी त्यांच्या देहास अग्नी देण्यात आला. राजे परतले नाहीत, परंतु कोल्हापूरचे नाव दीडशे वर्षांहून अधिक काळ या परक्या सामन्यांत उन्हाळ्यात उच्चारले जात आले आहे. याच बिस्लीत २००२ च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांतील नेमबाजी झाली आणि आपल्या अंजली भागवत यांनी तेथे चार सुवर्णपदके मिळविली. त्यांचे सामने कमी अंतराचे होते. माझी पुतणी ज्यात उतरली होती तो हजार वारांचा, आणि त्या अंतरावर खरा प्रतिस्पर्धी वारा हाच असतो.

हजार वार म्हणजे अर्ध्या मैलाहून अधिक. इतक्या दुरून पाच गुणांचे मधले वर्तुळ, ज्यास ‘बुल’ म्हणतात, ते जेमतेम दोन फूट रुंद असते. नेमबाज पालथा पडून, पट्ट्याने रायफल हाताशी आवळून, दुर्बिणीवाचून, बारीक छिद्राच्या चकतीतून नेम धरतो. गोळीस तेथवर पोहोचण्यास सुमारे दीड सेकंद लागतो. एवढ्याशा वेळात ताशी दहा मैलांचा आडवा वारा तिला सात-आठ फूट बाजूस लोटतो! म्हणजे दोन मैलांचा अंदाज चुकला तरी बुल हातचा गेला. यासाठी चकतीस मळसूत्र असते. ते फिरवून जिकडून वारा येतो तिकडे नेम सरकवावयाचा. या सरकण्याचे माप कोनाच्या मिनिटांत करतात. एका मिनिटाने हजार वारांवर गोळी सुमारे साडेदहा इंच सरकते.

मग वारा मोजावयाचा कशाने? मैदानावर ओळीने उंच खांबांवर पताका असतात. त्यांच्या फडफडीवरून वेग व दिशा कळते. दुसरे साधन मृगजळाचे. उन्हाने तापलेल्या जमिनीवरची हवा दुर्बिणीतून ओढ्याच्या पाण्यासारखी वाहताना दिसते. तिचा ओघ डावीकडून उजवीकडे असेल तर वारा डावीकडचा. ती आधणासारखी सरळ वर उकळू लागली, तर आडवा वारा थांबला आहे. पण पुढच्याच क्षणी तो उलट दिशेने सुटण्याचा संभव असतो, म्हणून जाणते नेमबाज अशा वेळी घोड्यास बोट लावीत नाहीत. पुतणीने आणखी एक गोष्ट सांगितली. लक्ष्याजवळचा वारा आणि आपल्याजवळचा वारा सारख्याच जोराचे असले, तरी गोळीस अधिक बहकवितो तो आपल्याजवळचा. कारण आरंभीच पडलेला फेर उरलेली सारी वाट वाढत जातो. मला आमच्या घरातील पुष्कळ गोष्टी आठवल्या, पण मी गप्प राहिलो.

सामना दहा गोळ्यांचा होता; त्यापूर्वी चाचणीच्या दोन. एका लक्ष्यावर दोघे आळीपाळीने गोळी झाडतात आणि एकाचे गुण दुसऱ्याने लिहावयाचे असतात. तिच्या क्लबाच्या संघात एकच जागा उरली होती आणि ती त्या दिवशीच्या गुणांवर ठरणार होती. चिठ्ठी अशी पडली की, त्या जागेचा दुसरा उमेदवार, साठीच्या घरातला एक इंग्रज गृहस्थ, तिच्याच लक्ष्यावर आला. म्हणजे प्रतिपक्षाच्या हाती आपले दप्तर! आमच्या कोर्टात असा प्रसंग आला असता तर दोन्ही पक्षांनी आधी दप्तरदार बदलण्याचा अर्ज दिला असता. येथे दोघांनी एकमेकांस नमस्कारवजा मान लवविली आणि वह्या बदलल्या.

सकाळपासून डावीकडून वारा होता, आणि तो एकसारखा नव्हता. ढगाची सावली मैदानावरून सरकली की तो मंदावे आणि ऊन पडले की पुन्हा उठे. तिने चाचणीच्या गोळ्यांवरून सात मिनिटे धरली. पहिल्या तीन गोळ्या बुलात बसल्या. गोळी सुटली की लक्ष्य खंदकात खाली जाई, भोकात चकती लावली जाई, आणि मग ते वर येई. परंतु ते वर येण्यापूर्वीच ती आपल्या वहीत एक टिंब काढी. गोळी कोठे बसली असावी, हे तिच्या हातानेच तिला सांगितलेले असे. चौथ्या वेळी तिने टिंब खाली काढले. लक्ष्य वर आले, तो चकती खालीच होती. चार गुण. पाचवी गोळी पुन्हा बुलात. सहाव्या वेळी तिचे टिंब अगदी मध्यावर होते. पण चकती डावीकडे अडीच फुटांवर दिसली आणि तीनच गुण मिळाले. ढग आला होता, वारा पडला होता आणि तिची मिनिटे पूर्वीचीच राहिली होती. शेजारच्या गृहस्थाने ते पाहिले, आपले मळसूत्र तीन मिनिटे मागे घेतले आणि बुल मारला. तिच्या तोट्यावर त्याचा नफा! यात अन्याय कोणी मानीत नाही, कारण पुढच्या पाळीस त्याच्या गोळीवरून तीही शिकते. सातवी व आठवी बुलात बसल्या. नवव्या वेळी पताकांवरून दृष्टी काढून तिने ती नेमाकडे वळविली, आणि त्या दोन-तीन क्षणांतच एक झोत आला. उजवीकडे दीड फूट, चार गुण. दहावी पुन्हा बुल. पन्नासांपैकी शेहेचाळीस झाले. त्या गृहस्थाचे सत्तेचाळीस झाले आणि संघातील जागा त्यास मिळाली.

मला वाटले, आता ती वाऱ्यास दोष देईल. माझ्या अशिलांपैकी निम्मे लोक आयुष्यभर वाऱ्यासच दोष देत आले. आणि काही थोडे असेही पाहिले की, जे प्रत्येक अपयश आपल्याच माथी घेऊन खचून गेले. ती गवतावर बसली, हरलेल्या जागेबद्दल त्या गृहस्थाचे मनापासून अभिनंदन करून आली होती, आणि वहीत लिहू लागली. मी डोकावून पाहिले. गमावलेल्या चार गुणांचा तिने असा हिशेब मांडला होता: ‘चौथी गोळी, एक गुण. घोड्यास हिसका. दोष हाताचा. सहावी, दोन गुण. सावली येताना दिसली होती, थांबावयास हवे होते. दोष बुद्धीचा. नववी, एक गुण. दोष कोणाचाच नाही.’

चाळीस वर्षांत इतका स्वच्छ निवाडा मी क्वचितच वाचला असेन. तिने स्वतःवर काही लोटले, परंतु वाजवीपेक्षा अधिक नाही. आणि वाऱ्याकडे एकच गुण टाकला, तोही कुरकुर न करता. जे आपले ते आपले म्हणावे, जे कोणाचेच नाही ते सोडून द्यावे, आणि या दोहोंतील भेद ओळखण्यासाठी गोळी कोठे गेली हे उत्तर येण्यापूर्वीच प्रामाणिकपणे लिहून ठेवावे, ही ती तिसरी रीत. लक्ष्य वर आल्यावर टिंब काढणे कोणासही साधते.

परतीच्या गाडीत आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या. मी माझे वकीलपत्र अखेर उघडले आणि म्हणालो, ‘अगं, वाऱ्याशी तू इतक्या शांतपणे वागतेस, मग दादांशीच का नाही वागत? त्यांचा राग हाही एक वाराच समज. दोन मिनिटे इकडे, दोन मिनिटे तिकडे.’

ती बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होती. मग म्हणाली, ‘काका, वाऱ्याला कान नसतात, म्हणून त्याच्याशी भांडत नाही. बाबांना मी वारा समजले असते, तर त्यांच्या गैरहजेरीत गोड बोलून मोकळी झाले असते. मी भांडले ते त्यांना ऐकू येते म्हणून. न विचारता गेले हा दोष माझा, तो मी त्यांना लिहून कळवीन. पण गेले, हा दोष नाही.’

यावर प्रतिवाद करण्याजोगे माझ्यापाशी काही नव्हते, आणि खरे सांगावयाचे तर करण्याची इच्छाही उरली नव्हती. त्या रात्री मी दादांस पत्र लिहिले. समजूत, उपदेश वगैरे त्यात घातले नाही. दहा गोळ्यांचा सारा वृत्तांत, वाऱ्याच्या दिशेसह, क्रमवार लिहिला, आणि तिच्या वहीतील तो हिशेब जसाच्या तसा उतरून दिला. तिचे स्वतःचे पत्रही त्याच पाकिटात गेले.

मी एकटाच परत आलो. वहिनींनी दारातच माझ्या मागे कोणी आहे का ते पाहिले. दादा काही बोलले नाहीत. चार दिवसांनी रविवारी तिचा फोन आला, तेव्हा वहिनी उठण्यापूर्वी त्यांनीच हात पुढे केला. पावणेदोन वर्षांनंतर बाप लेकीशी काय बोलतो, हे ऐकावयास सारे घर ओसरीवर जमले होते. दादांनी दोनदा घसा खाकरला आणि विचारले, ‘ती सहावी गोळी. ढग येताना दिसला होता, तर थांबावयास वेळ किती होता?’

तिकडून जे उत्तर आले ते आम्हांस ऐकू आले नाही. पण ते लांबलचक असावे. कारण दादा खुर्ची ओढून बसले आणि वर्तमानपत्र त्यांनी दुसऱ्या हाताने बाजूस ठेवले.