कपाट सरकवून पाहा



मागच्या महिन्यात भर पावसात मुलासाठी पुण्यात एक जुना फ्लॅट पाहायला गेलो होतो. चहा पिऊन झाल्यावर मी घरमालकीणबाईंना म्हटलं, "ताई, हे कपाट जरा सरकवता येईल का?" मुलगा लाजून गॅलरीत निघून गेला. जाऊ दे. माझ्या हट्टाला कारण होतं.

सांगलीचं आमचं तळमजल्यावरचं घर घेताना आम्ही दोनच गोष्टी पाहिल्या होत्या. मंदिर पायी किती लांब आहे, आणि सूर्यास्ताआधीच्या जेवणापर्यंत स्वयंपाकघरात उजेड राहतो का. दोन्ही मनासारखं. मार्च महिना, भिंतींना ताजा रंग, सगळं कोरडं ठणठणीत. इसार देऊन मोकळे झालो.

चातुर्मास लागला आणि बाथरूमलगतच्या भिंतीला ओल आली. आधी पोपडे, मग हिरवट बुरशी. पुसायला फडकं घ्यावं तर हात अडखळायचा. बुरशीत अनंत जीव, हे लहानपणी पाठशाळेतच शिकलेलं. दशलक्षण पर्वाआधी साफसफाई काढली तेव्हा कपाटामागे पेन्सिलीएवढी मातीची रेघ दिसली, थेट दाराच्या चौकटीत शिरलेली. वाळवी!

पेस्ट कंट्रोलवाला म्हणाला, फरशीला भोकं पाडून औषध सोडू. सासूबाई व्रती. जपमाळ हातात धरून त्या एवढंच म्हणाल्या, "घर घेतलं तेव्हाही ती इथंच असणार. तेव्हा का गं पाहिलं नाही?"

काय उत्तर देणार? महाराज बसण्याआधी पिंछीनं जागा हळुवार झाडतात, ते आपण किती वेळा पाहतो. आणि आयुष्यभराची जागा घेताना मी कपाटसुद्धा हलवलं नव्हतं.

औषध मारलं नाही. गळती काढली, लाकडी चौकटी काढून ग्रॅनाइटच्या बसवल्या. तरी चौकट उपटताना जे जीव गेले ते गेलेच. सासूबाईंनी उपवास केला, मीही केला. वाळवी पुन्हा आली नाही हे नशीब. औषधाशिवाय ती जातेच, असं मी कुणाला सांगणार नाही.

म्हणून पुण्यात ओळखीच्या सिव्हिल इंजिनिअरना सोबत नेलं. भिंतीला टेकवून ओल मोजायचं यंत्र होतं त्यांच्याकडे. त्यांची फी ऐकून आमचे हे कुरकुरले, पण चौकटींच्या खर्चाची आठवण करून दिल्यावर गप्प बसले. त्यांनी चौकटी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकल्या, सिंकखाली आणि माळ्यावर बॅटरी मारली, फरश्यांवर नाणं वाजवून पोकळ आवाज येतो का ऐकलं. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतून उतार पाहिला. मला सगळ्यात आवडलं ते पुढचं: खालच्या मजल्यावरच्या काकूंना विचारून त्यांच्या बाथरूमचं छत पाहिलं. वरच्या घराची गळती खालच्यांना बरोबर ठाऊक असते!

सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवालही मागितला. आदर्श उपविधींप्रमाणे इमारत 15 ते 30 वर्षांची असेल तर दर पाच वर्षांनी, त्याहून जुनी असेल तर दर तीन वर्षांनी हे ऑडिट व्हायला हवं. नवं घर घेत असाल तर 2016 च्या रेरा कायद्याचा आधार आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला आणि तुम्ही तो कळवलात, तर बिल्डरनं तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. तक्रार लेखीच द्या. जुन्या घराच्या मालकाकडून घेताना मात्र हा आधार नाही, जे पाहायचं ते आधीच पाहायचं.

तर, ते कपाट. दोघांनी मिळून सरकवलं आणि मागे हातभर ओल निघाली. मालकीणबाईच चकित. "आमच्याही लक्षात नव्हतं हो," म्हणाल्या. दुरुस्ती करून द्यायचं त्यांनी कबूल केलंय, कागदावर. पाऊस संपायच्या आत आम्ही पुन्हा जाऊन पाहणार आहोत. इसार अजून दिलेला नाही.