चौदा जणांची एक पंगत

खोपोलीजवळचे इमॅजिका २०१३ साली सुरू झाले, तेव्हापासून वस्तीतल्या पोरांचा हट्ट होता. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तीन घरची चौदा माणसे पिंपरीहून निघालो. मोठ्या घोळक्याने साडेअकरालाच जेवून घ्यावे हे उत्तम. पण बोरघाटात गाडी अडकली आणि पाळण्यांच्या रांगा उरकून उपाहारगृहात शिरलो तेव्हा दीड वाजला होता. पाय ठेवायला जागा नव्हती. टेबले चौघांची. वाढपी म्हणाला, "चार-चार जण वेगळे बसा, लगेच जागा करतो." बिचारा सोयीचेच बोलत होता. आमच्या आत्याबाई मात्र दारातच थबकल्या.

"ल्हानपणी लग्नाच्या पंगतीत आमाला उकिरड्याकडं येगळं बसवायचे. आता पैसं देऊन बी येगळं बसू व्हय?"

पोरे गप्प. त्यांना हे कुणी सांगितलेच नव्हते. मग आम्ही थांबलो. लहानग्यांना बिस्किटे दिली, दोघे भिंतीकडच्या टेबलांवर नजर ठेवून उभे राहिले. एकेक रिकामे होताच वाढप्याला विचारून जोडून घेतले. चार टेबले जुळेस्तोवर अडीच वाजले. आत्याबाईंना मधोमध बसवले. भात वाढेपर्यंत पोरांनी त्यांना गाव, लग्न, उकिरडा, सगळे विचारून घेतले.