वाफसा आल्यावर

परतीचा पाऊस एकदाचा गेला की शेजारीपाजारी कुदळ घेऊन परसात उतरतात. मी नुसता बघत बसतो. निफाडकडची आमची काळी माती ओली असताना खणली, तर ढेकळं विटेसारखी वाळतात आणि पार माघापर्यंत फुटत नाहीत. फार वाळू द्यावी तर कुदळच उडते. मधला वाफसा चार दिवसांचा. वीतभर खालची मूठभर माती दाबायची आणि छातीच्या उंचीवरून सोडायची. गोळा पडून भुगा झाला की कामाला लागायचं. चेपून तसाच बसला, अंगठ्यावर चकाकी राहिली, तर मुकाट घरात.

शेणखत कुजलेलंच हवं. शेणाचा वास येत असेल तर ते अजून खत झालेलं नाही. कच्च्यातून हुमणी येते, गाजरांना फाटे फुटतात. चौरस मीटरला दोन-तीन किलो खत आणि मूठभर निंबोळी पेंड वरच्या थरात मिसळली की झालं. जिप्सम हल्ली कुणीही कुणालाही सुचवतं. चोपण जमिनीतला सोडियम हटवायला ते कामाचं. पण जमीन चोपण आहे हे माती परीक्षणाशिवाय ठरवणार कोण? चुना तर नकोच, आमच्या मातीत चुनखडीचे खडे उघड्या डोळ्यांना दिसतात.

थंड मुलखात हिवाळ्याआधी वाफे झाकून ठेवतात. आपला तर भाजीचा हंगामच तेव्हा सुरू होतो. उसाचं पाचट पसरायचं ते ओल टिकावी म्हणून. काळी माती सुकताना आकसते, भेगाळते, कोवळी मुळं तुटतात. मेथी-पालकाचं बी पाचटाखाली घुसमटेल. कोबी-फ्लॉवरची रोपं जीव धरली की चार बोटं जाड थर द्यावा, खोडाला न टेकवता. आणि पाचट वरच राहू द्यावं. मातीत गाडलं तर ते कुजवणारे जिवाणू नत्र ओढून घेतात, रोपं पिवळी पडतात. वाळवीची तक्रार खरी आहे, कोरड्या पाचटाला ती हमखास लागते. म्हणून पसरल्याबरोबर पाणी.

पारा चार-पाचावर उतरणार अशी बातमी आली की मी सकाळीच पाचट सरीत ओढतो आणि उघड्या मातीला पाणी देतो. ‘ऐन थंडीत पांघरूण काय काढताय?’ असं शेजारी विचारतात. ओली, उघडी माती दिवसभर ऊन पिते आणि रात्री ऊब वर सोडते. पाचटाखाली ती ऊब अडकते आणि पानं वर गारठतात. थंडीची लाट सरली की पाचट पुन्हा जागेवर.