दोन महासागरांच्या दरम्यान

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॅलिफोर्नियातील ओशनसाइड या गावी, दरवर्षी जून महिन्यात काही सायकलस्वार पॅसिफिक महासागराकडे पाठ करून पूर्वेस निघतात. ही 'रेस ॲक्रॉस अमेरिका'. १९८२ साली अवघ्या ४ स्वारांनिशी आरंभलेल्या या स्पर्धेचा मार्ग अनेक वर्षे मेरीलँडमधील अ‍ॅनापोलिस बंदरात संपत असे. अंतर सुमारे ४,८०० किलोमीटर, वाटेत १२ राज्ये, आणि एकट्या तरुण स्वारास मुदत केवळ १२ दिवसांची. घड्याळ मात्र झोपेतही थांबत नाही.

किनाऱ्यावरील गार वारा लवकरच मागे पडतो आणि बोरेगोचे वाळवंट भट्टीसारखे समोर येते. पाण्याचा व मिठाचा हिशेब चुकला, की अनेकांची शर्यत येथेच आटोपते. पुढे ॲरिझोना व युटामधील तांबड्या शिळांचा प्रदेश ओलांडून रस्ता कोलोरॅडोत चढतो. वुल्फ क्रीक खिंडीची उंची ३,३०० मीटरांहून अधिक आहे. होरपळून आलेल्या देहाला तेथे गारठा आणि विरळ हवा सोसावी लागते. त्यानंतर येते कॅन्ससचे सपाट मैदान. चढ नाही, वळण नाही. क्षितिजापर्यंत गव्हाची शेते आणि बाजूने ढकलणारा वारा. या एकसुरीपणात मनच आधी थकते. मिसिसिपी ओलांडल्यावर ॲपलेशियन पर्वतरांग लागते. तिची उंची कमी असली, तरी चढ तीव्र, आणि पायांतील बळ तोवर सरलेले.

खरी लढत झोपेशी असते. अनेक स्वार दिवसाकाठी दोन-तीन तासच निजतात. झोपेची ही उधारी व्याजासह वसूल होते. नसलेली माणसे रस्त्यावर दिसू लागतात. मानेचे स्नायू इतके निकामी होतात, की डोके सावरता येत नाही. १९८३ च्या स्पर्धेतील मायकेल शर्मर यांच्या नावाने हा विकार ओळखला जातो. अपघाताचे भयही खरे आहे. २००३ व २००५ साली एकेक स्पर्धक वाहनाच्या धडकेने दगावला. म्हणून मागून येणाऱ्या गाडीतील सहकाऱ्यांचा विवेक मोलाचा ठरतो. कधी निजवायचे, कधी खाऊ घालायचे आणि कधी थांबवायचे, हे स्वाराऐवजी तेच ठरवतात.

या वाटेवर महाराष्ट्राचाही ठसा आहे. नाशिकच्या हितेंद्र व महेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी २०१५ साली आळीपाळीने सायकल चालवत ही स्पर्धा पूर्ण केली. २०१७ साली सेनादलातील डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ हे एकट्याने ती पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले. पाठोपाठ त्याच वर्षी नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीही मुदतीच्या काही तास आधी अ‍ॅनापोलिस गाठले.

ऑस्ट्रियाच्या क्रिस्टोफ स्ट्रासरने २०१४ साली हेच अंतर ८ दिवसांच्या आत कापले. तरीही अखेरच्या घटकेस पोहोचणाऱ्याची कमाई थोडी नव्हे. एका महासागरापासून दुसऱ्यापर्यंतची सारी भूमी त्याने स्वतःच्या श्वासांनी मोजलेली असते.