त्यांचंही मंडळच!

तरुण मंडळाच्या नोंदणीसाठी घटनेचा नमुना शोधत होतो आणि मोबाइलवर भलतंच हाती लागलं. बीसीसीआयची घटना! म्हटलं, चाळू तरी. गड्यांनो, आज तिसरी रात्र, मी वाचतोच आहे!

अहो, ते सरकारी खातं नाहीच! मी आजवर समजत होतो, रेल्वे बोर्ड तसं क्रिकेट बोर्ड. पण 1928 साली सुरू झालेली, तामिळनाडूच्या सोसायटी कायद्याखाली नोंदलेली संस्था आहे ती. कचेरी वानखेडेवर, नोंदणी तिकडे! म्हणजे आमच्या मंडळाचीच भावकी. पदाधिकारीही तेच पाच: अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, खजिनदार. फरक एवढाच, की त्यांच्या नऊ जणांच्या सर्वोच्च परिषदेत चक्क सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगचा माणूस बसतो. शिवाय खेळाडूंचे दोन प्रतिनिधी, त्यात एक बाई हवीच. आमच्या खजिनदार तात्यांना हे सांगितलं, तर वर्गणीची वही मिटत म्हणाले, "बाई चालंल, कॅग नको."

पण खरी गंमत मतांची! तिथं मत संघटनांना. आमच्या नेसरी गावचा पोरगा आधी कोल्हापूर जिल्हा संघटनेत, तिथून पुण्याच्या महाराष्ट्र संघटनेत, आणि तिचं बोर्डात मत एक. मुंबईचं वेगळं, विदर्भाचं वेगळं! एका राज्याची तीन मतं, सिक्कीमचं एक. बोर्ड सुधारायला नेमलेल्या लोढा समितीनं 'एक राज्य, एक मत' सुचवलं, 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते मानलं आणि 2018 मध्ये त्याच न्यायालयानं आपली तिन्ही मतं परत दिली. कट्ट्यावर यावरून जुंपली. मी तिन्ही मतांच्या बाजूनं. का? आमचे कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर!

1948 साली पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद 443. ब्रॅडमनच्या 452 ला नऊच धावा कमी, आणि समोरच्या कर्णधारानं सामनाच सोडून दिला! त्या धावा ज्या 'महाराष्ट्रा'साठी झाल्या, तो मुंबईपासून वेगळा संघ, हे मला परवा कळलं. मग अशा संघाचं मत कसं काढायचं? इतक्या धावा करून भाऊसाहेबांना एकही कसोटी मिळाली नाही.

निवड समितीचं कलम अजून वाचायचंय. चार्जर कुठं ठेवलाय कोण जाणे.