घरचा साबण

साबण घरी करावा, ही लहर आम्हांस आली ती ‘नैसर्गिक’ या शब्दाच्या मोहाने. खोबरेल, चिमूटभर हळद, वाळ्याचे पाणी, एवढ्यावर भागेल अशी आमची भाबडी समजूत! परंतु दाहक कॉस्टिक सोड्यावाचून तेलाचा साबण होत नाही. तो पाण्यात घालावा. त्यावर पाणी ओतल्यास उकळता फवारा अंगावर यावयाचा. इतके आम्ही पाळले. चुकलो ते मापात. ५०० ग्रॅम खोबरेलास ८७ ग्रॅम सोडा पुरतो. आम्ही तो चमच्याने, अंदाजाने घातला. वड्या मात्र दृष्ट लागण्यासारख्या झाल्या.

पहिली वडी मोठ्या कौतुकाने मातुःश्रींना दिली. चार दिवसांनी त्या पान वाढीत असता त्यांची बोटे लाल, भेगाळलेली दिसली.

“थंडीनं असेल रे,” त्या म्हणाल्या.

वैशाखात थंडी!

सगळ्या वड्या टाकून दिल्या. दुसऱ्या खेपेस सोडा काट्यावर तोलून घेतला, वड्या सहा आठवडे फळीवर वाळविल्या, आणि पहिली वडी आठवडाभर आम्हीच वापरली. मातुःश्री रोज विचारीत, “माझी वडी कधी देणार?”