लिऑन स्पिंक्स आणि आपल्या ग्रुपवरचा तो फोटो

परवा आपल्या तालुक्यातल्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो फिरला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. अपार्टमेंटच्या गेटवर निळ्या शर्टात बसलेला वॉचमन आणि शेजारी चिकटवलेलं बावीस वर्षांपूर्वीचं पेपरचं कात्रण. कात्रणात तोच माणूस, डोक्यावर फेटा, उघडी जीप, गुलाल. खाली ओळ, ‘काय होता आणि काय झाला!’ त्याखाली हसणाऱ्या इमोजींची रांग.

ते कात्रण माझ्याच बातमीचं आहे. तेव्हा डिप्लोमा करून नुकताच पेपरात लागलो होतो. राज्य पातळीवर कुस्तीत मेडल आणलेल्या या पोराची मी मोठ्या हौसेने चार कॉलम बातमी केली होती. ‘तालुक्याचा वाघ’ असं हेडिंगही मीच दिलं होतं. त्यानंतर बावीस वर्षांत त्याच्यावर एक ओळ लिहिली नाही.

तो फोटो पाहिल्यापासून एक नाव डोक्यातून जात नाहीये. लिऑन स्पिंक्स. नव्या पोरांना हे नाव माहीत असायचं कारण नाही. जुन्यांना माहीत असेल, पण तेही मुहम्मद अलीच्या गोष्टीतलं एक पात्र म्हणून. आज त्याची गोष्ट सांगतो. थोडी लांब आहे, पण वाचा.

लिऑनचा जन्म १९५३ चा, अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातला. तिथे प्रुइट-आयगो नावाची सरकारी घरांची वसाहत होती. अकरा मजली ३३ इमारती. बांधल्या तेव्हा शहराची शान होत्या. वीस वर्षांच्या आत त्यांची अशी दुर्दशा झाली की १९७२ पासून सरकारनेच त्या सुरुंग लावून पाडायला घेतल्या. अशा वसाहतीत लिऑन आणि त्याचा धाकटा भाऊ मायकल वाढले. बाप घर सोडून गेलेला. आई सरकारी मदतीवर घर चालवायची. हा काही कामाचा निघणार नाही, असं बाप लोकांना सांगत फिरायचा, हे लिऑनने पुढे स्वतः सांगितलंय. शाळा अर्धवट सुटली. गल्लीत मार खाणारा पोरगा मार द्यायला शिकावा म्हणून बॉक्सिंगच्या जिममध्ये गेला आणि तिथेच रमला. पुढे मरीन कोअरमध्ये, म्हणजे सैन्यात भरती झाला.

त्याच्या आयुष्यातला सगळ्यात शिस्तीचा काळ कुठला असेल तर हाच. कधी उठायचं, काय खायचं, कधी सराव करायचा, कुणाशी लढायचं, हे सगळं ठरवणारं कुणीतरी डोक्यावर होतं. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये लाइट हेवीवेट गटात त्याने क्युबाच्या सिक्स्तो सोरियाला फायनलमध्ये आडवा केला आणि सुवर्ण घेतलं. त्याच ऑलिंपिकमध्ये मायकलने मिडलवेट गटाचं सुवर्ण घेतलं. एका आईची दोन पोरं, एकाच स्पर्धेत दोन सुवर्णपदकं! जी वसाहत सरकारने पाडली, तिथली ही पोरं.

पुढच्याच वर्षी, जानेवारी १९७७ मध्ये, लिऑन व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये उतरला. इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. ऑलिंपिकचं बॉक्सिंग आणि धंद्याचं बॉक्सिंग दिसायला सारखं, पण दोन्ही दुनिया वेगळ्या. ऑलिंपिकमध्ये तेव्हा तीन मिनिटांचे तीन राउंड असायचे, व्यावसायिक अजिंक्यपदाला पंधरा. तिकडे देश तुमची काळजी घेतो. इकडे तुम्ही स्वतःच एक दुकान असता आणि गल्ल्यावर बसायला दहा जण टपलेले असतात. मॅनेजरचा वाटा, ट्रेनरचा वाटा, प्रमोटर, वकील, वर टॅक्स. चोवीस वर्षांच्या, शाळा सुटलेल्या पोराला हा हिशोब कोण शिकवणार?

हिशोब शिकायच्या आधीच त्याला जगातली सगळ्यात मोठी लढत मिळाली. १५ फेब्रुवारी १९७८, लास वेगास. समोर साक्षात मुहम्मद अली. लिऑनच्या खात्यात फक्त सात व्यावसायिक लढती, सहा विजय आणि एक बरोबरी. अली ३६ वर्षांचा, वजन वाढलेलं, सराव कमी. त्याला वाटलं, पोरगं आहे, खेळवू. पोराने पंधरा राउंड त्याला सोडलं नाही. तीनपैकी दोन पंचांनी कौल लिऑनला दिला. अवघ्या आठव्या लढतीत लिऑन स्पिंक्स हेवीवेटचा जगज्जेता झाला. समोरचे दात नसलेलं ते त्याचं हसू दुसऱ्या दिवशी जगभरच्या पेपरांत होतं. पैशाचं म्हणाल तर त्या रात्री हरलेल्या अलीला ३५ लाख डॉलर मिळाले, जिंकलेल्या लिऑनला तीन लाखांच्या आसपास.

मग जे झालं ते आपण सगळ्यांनी लहान प्रमाणात आपल्या गावात पाहिलेलं आहे. कालपर्यंत ओळख न देणारे मित्र झाले. पार्ट्या सुरू झाल्या. गाडीच्या लायसनवरून, ड्रग्जवरून पोलिसांशी गाठ पडायला लागली. एका बॉक्सिंग संघटनेने त्याचं पद महिनाभरात काढून घेतलं, कारण तिने ठरवलेल्या केन नॉर्टनशी न लढता त्याने अलीशीच परत लढायचं ठरवलं. पेपर आणि टीव्हीवाल्यांना तर लॉटरीच लागली. त्याच्या दातांवर विनोद, बोलण्यावर विनोद. जगज्जेता म्हणून त्याच्यावर जेवढं लिहिलं गेलं असेल, त्याहून जास्त त्याची चेष्टा छापून आली असेल.

१५ सप्टेंबर १९७८. न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये साठ हजारांहून जास्त प्रेक्षक. लिऑनचा सराव कमी आणि जागरणं जास्त झालेली. त्याच्या कोपऱ्यात सल्ले द्यायला इतकी माणसं जमली होती की जॉर्ज बेंटन हा त्याचा अनुभवी ट्रेनर वैतागून लढत चालू असतानाच निघून गेला. त्या रात्री अली तिसऱ्यांदा जगज्जेता झाला. बरोबर सात महिने लिऑन राजा होता.

पुढची उतरण मी फार सांगत बसत नाही. १९७९ मध्ये गेरी कुत्झीने त्याला पहिल्याच राउंडमध्ये तीनदा खाली पाडलं. १९८१ मध्ये लॅरी होम्ससमोर पुन्हा संधी मिळाली, तिसऱ्या राउंडला लढत थांबवावी लागली. पैसा केव्हाच संपला होता. तरी तो १९९५ पर्यंत, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षापर्यंत, लढत राहिला. शेवटचा हिशोब २६ विजय, १७ पराभव, ३ बरोबरी. त्या सतरामधले बरेचसे पराभव पोट भरण्यासाठी खाल्लेले ठोसे आहेत. त्यांची किंमत नंतर कळली. २०१२ मध्ये डॉक्टरांनी सांगितलं की त्याचा मेंदू आकसत चाललाय.

धाकट्या मायकलचं काय झालं? तो आधी लाइट हेवीवेटचा जगज्जेता झाला. १९८५ मध्ये त्याने त्याच लॅरी होम्सला हरवून हेवीवेटचं पद घेतलं. हेवीवेटचे जगज्जेते झालेले हे पहिले सख्खे भाऊ. १९८८ मध्ये माइक टायसनने मायकलला ९१ सेकंदांत गार केलं. कारकिर्दीतला तो एकमेव पराभव. मायकलने त्या लढतीचे कोट्यवधी डॉलर घेतले, ग्लोव्ह्ज उतरवले आणि पुन्हा कधी रिंगमध्ये गेला नाही. घर एक, वसाहत एक, ऑलिंपिक एक. पण मायकलचे पैसे टिकले आणि मायकलही टिकला. स्वभावाचा फरक असेलच. पण मला मोठा फरक वाटतो तो वेळेचा. मायकलला नाव, पैसा आणि अक्कल एकेक पायरीने मिळत गेली. लिऑनच्या अंगावर सगळं एका रात्रीत कोसळलं.

आता ज्यासाठी ही गोष्ट सांगितली ते. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत लिऑन नेब्रास्का राज्यातल्या कोलंबस नावाच्या गावात राहायला गेला. वीस-बावीस हजार वस्ती, म्हणजे आपल्यापेक्षाही लहान. तिथे माजी हेवीवेट जगज्जेता वायएमसीएच्या इमारतीत साफसफाई करायचा आणि मॅकडोनाल्ड्समध्ये ट्रकमधला माल उतरवायचा. मोठ्या शहरांतले पत्रकार तिथे गेले ते ‘बघा, किती खाली आला’ ही बातमी घेऊनच. मीही त्यांच्या जागी असतो तर हेच हेडिंग दिलं असतं. पण त्याच बातम्या नीट वाचल्या तर त्यांत वेगळंच दिसतं. गावातले लोक त्याला नावाने हाक मारत होते, तोही सगळ्यांशी हसून बोलत होता. शाळा सुटल्यावर लहान मुलांमध्ये वेळ घालवत होता. ज्या माणसावर अख्खा अमेरिका हसला, त्याला त्या गावाने काम दिलं आणि माणसासारखं वागवलं. पुढे तो लास वेगासकडे राहायला गेला आणि ५ फेब्रुवारी २०२१ रोजी कर्करोगाने वारला. वय ६७.

झाडू मारणं ही त्याची अधोगती होती का? मला नाही वाटत. कष्टाचं, इमानदारीचं काम होतं ते. अधोगती झाली ती त्याआधी, जेव्हा त्याच्या जिवावर पैसे कमावणारे शंभर जण होते आणि त्याला थांबवणारा एकही नव्हता. आणि त्यात माझ्या धंद्याचाही हात होता. आम्ही माणसाला दोनदाच विचारतो. एकदा गुलालात असतो तेव्हा, दुसऱ्यांदा चिखलात असतो तेव्हा. मधली वीस वर्षं तो काय खातो, पोरांची फी कशी भरतो, गुडघा दुखतो तेव्हा कुठे जातो, याची बातमी होत नाही.

काल संध्याकाळी मी त्या गेटवर जाऊन आलो. त्याने ओळखलं, खुर्ची दिली, स्वतः उभा राहिला. मी फोटोचा विषय काढला, माफी मागितली. तो म्हणाला, “साहेब, मला काय त्याचं? नोकरी करतोय, चोरी नाही करत. पण पोरगी बारावीला आहे. तिच्या ग्रुपवर पण आला तो फोटो. दोन दिवस कॉलेजला गेली नाही.”

मला काही बोलता आलं नाही. चहा घेतला. निघताना त्याने सांगितलं की रात्रपाळी संपली की सकाळी तो तालमीत जातो, आठ-दहा पोरांना शिकवतो. पैसे घेत नाही. मॅट फाटलीय, एवढंच तेवढं जमलं तर बघा म्हणाला.

तर मंडळी, दोनच विनंत्या. तो फोटो ज्यांच्या मोबाइलमध्ये असेल त्यांनी डिलीट करावा, आणि ज्याने पहिल्यांदा टाकला त्याने त्याच ग्रुपवर चूक कबूल करावी. नाव मला माहीत आहे, इथे लिहीत नाही. दुसरं, त्या मॅटसाठी मी माझ्याकडून सुरुवात केलीय. ज्यांना भर घालायची असेल त्यांनी सकाळी तालमीतच जाऊन यावं. पैसे त्याच्या हातात द्या आणि दहा मिनिटं पोरांची कुस्ती बघा.

बावीस वर्षांपूर्वी राहून गेलेली बातमी मी पुढच्या आठवड्यात करतोय. तो हो म्हणाला तरच. आणि हेडिंग या वेळी त्यालाच विचारणार आहे.